मळमळ भरल्या पोटाची आणि मळमळ रिकाम्या पोटाची

सकाळी साडेसहाची वेळ. आमच्या भागातल्या तालमीत हौद्याच्या कडेला दोन पोरं शेजारी-शेजारी बसली होती. दोघांनी बैठका अर्ध्यावर सोडलेल्या, दोघांचे चेहरे पांढरेफटक, दोघांच्याही पोटात ढवळत होतं. "पित्त झालंय रं, लिंबू-साखर द्या," असं कुणीतरी म्हणालं आणि दोघांना पेलाभर सरबत पाजलं. दहा-पंधरा मिनिटांत एक जण उठून बसला, हसायलाही लागला. दुसरा मोरीपर्यंतसुद्धा पोचला नाही, सरबतासकट सगळं बाहेर पडलं.

विचारलं तेव्हा उलगडा झाला. ज्याला उलटी झाली, त्यानं घरच्या म्हशीचं अर्धा लिटर धारोष्ण दूध पिऊन थेट तालीम गाठली होती. जो सावरला, तो आदल्या रात्री आठला जेवला होता आणि त्यानंतर पोटात फक्त पाणी. दोघांचं दुखणं अगदी उलट होतं, पण आपल्याकडे दोन्हीला एकच नाव आहे: पित्त. माझा आक्षेप आहे तो या एका शब्दाला.

भरल्या पोटाचं आधी बघू. आपण निवांत बसलेलो असताना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पोटातल्या अवयवांकडे जातो. जोर-बैठका सुरू झाल्या की मांड्या-खांद्यांचे स्नायू रक्त मागतात, घाम काढायला कातडीही मागते. शरीर मग पचनाचा वाटा कापतं. अगदी दमछाक होईपर्यंतच्या व्यायामात हा पुरवठा ऐंशी टक्क्यांपर्यंत घटू शकतो. जठरात दूध तसंच पडून राहतं आणि प्रत्येक बैठकीला वर-खाली डचमळतं. त्यात म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, आणि स्निग्ध पदार्थ जठरातून सगळ्यांत सावकाश पुढे सरकतात. मिसळीचा कट असो, तांबडा रस्सा असो की बदाम घातलेली थंडाई, न्याय तोच. अशा पोटावर दाट गोड सरबत ओतलं की जठर रिकामं व्हायला आणखी वेळ लागतो. त्या पोराला उलटी झाली ती यामुळेच. दूध वाईट नाही. कोल्हापूरच्या पैलवानाचा खुराक आहे तो. पण तो मेहनतीनंतरचा. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत, एखादं केळं खाल्लं असेल तर तासभर पुरतो.

रिकाम्या पोटाची गोष्ट वेगळी. यकृतात साखरेचा जो साठा असतो तो जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि रात्रभराच्या उपाशीपणात त्यातला बराचसा मेंदूच खाऊन टाकतो. सकाळी वर जोराची मेहनत केली की साखर खाली येऊ लागते, ती सावरायला अ‍ॅड्रेनलिन उसळतं. हात कापतात, गार घाम सुटतो, छातीत धडधडतं, उगाच चिडचिड होते आणि त्याबरोबर उमासे येतात. पोटात काही नसतंच, म्हणून ओकारीत आंबट, पिवळं पाणी पडतं. ते बघून लोकांची खात्रीच पटते की हे पित्त. खरं म्हणजे पोट रिकामं असताना उमासे कशामुळेही आले तरी हेच पडणार.

मग ओळखायचं कसं? मी आता आधी हात पुढे धरायला सांगतो. बोटं थरथरत असतील आणि भूक लागल्यासारखं वाटत असेल, तर साखर द्यावी. बोटं स्थिर आहेत, पोट गच्च आहे, खाल्लेल्याची चव ढेकरेतून वर येतेय, तर काहीही पाजू नये. सावलीत टेकवून बसवावं, पाण्याचे दोन घोट पुरे. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे, पण लिंबू-साखरेची घाई नक्की थांबते.

रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्या मधुमेही मंडळींना मात्र हे काळजीनं सांगायचं आहे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशी चालायला निघालात, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली सहज जाऊ शकते. खिशात साखर ठेवा. तीन चमचे पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन लावा.

पोट ना भरलेलं ना रिकामं, तरी मळमळलं, असंही होतं. बऱ्याचदा पळता-पळता एकदम थांबल्यानं रक्त पायांत साचतं आणि घेरी येते. चार-पाच मिनिटं हळू चालत राहिलं की ते जातं. पण पन्नाशीच्या माणसाला चढ चढताना मळमळ, गार घाम आणि छातीवर दाब किंवा जबड्यात, डाव्या हातात कळ आली, तर ते पोटाचं दुखणं समजू नका. बाईमाणसांत आणि मधुमेहात छातीत कळ न येताही हृदयविकाराचा झटका येतो. तिथे सरबताचा पेला शोधण्यात वेळ घालवू नका, चालणं थांबवून तडक दवाखाना गाठा.