माळढोकाला दिलेली वचने आणि आक्रसत गेलेले माळरान

माळढोक वाचवण्यासाठी सरकारने दिलेला शब्द पाळावा, ही मागणी नवी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला, तेव्हाच या पक्ष्याला पहिल्या अनुसूचीत स्थान देऊन सर्वोच्च संरक्षण देण्यात आले. त्याआधी, १९६९ च्या सुमारास, देशात बाराशेच्या वर माळढोक असावेत असा अंदाज होता; आज ही संख्या दीडशेच्याही खाली गेली आहे. म्हणजे हा पक्षी कमी होत गेला तो कायद्याबाहेर राहून नव्हे, तर कायद्याच्या छत्राखाली असतानाच. म्हणूनच या मागणीची पार्श्वभूमी पाहताना केवळ घोषणांची यादी पुरत नाही, त्या घोषणांखाली जमीन किती होती हेही तपासावे लागते.

महाराष्ट्राने १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते, म्हणजे कागदावर ते देशातील सर्वांत मोठ्या अभयारण्यांपैकी एक ठरले. प्रत्यक्षात या सीमेत गावे होती, बागायती शेती होती, रस्ते होते. माळढोकाला लागणारे कुसळी-पवन्यासारख्या गवतांचे मोकळे माळ मात्र सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी उरले होते. जमिनीच्या व्यवहारांवर आलेल्या निर्बंधांमुळे शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयी आपुलकीऐवजी अढी निर्माण झाली, आणि सुमारे तीन दशकांनंतर अभयारण्याचे क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. ही दुरुस्ती आवश्यकच होती, असे माझे मत आहे. पण क्षेत्र कमी करताना उरलेल्या माळांची निगा आणि मेंढपाळांशी चराईबाबतचा समझोता या दोन गोष्टी तितक्याच निकराने व्हायला हव्या होत्या. तसे झाले नाही, आणि आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते. मध्य प्रदेशातील करेरा अभयारण्याने याहून कठोर अनुभव घेतला. तिथे स्थानिकांचा रोष वाढत गेला, माळढोक नाहीसे झाले आणि अखेर अभयारण्याचा दर्जाही गेला. गुजरातमध्ये उलट टोक दिसते, कारण कच्छमधील लाला अभयारण्य जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे आहे.

राजस्थानात सरकार हलले ते लोकांच्या रेट्यामुळे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अरब राजघराण्यातील शिकारी पाहुणे जैसलमेरच्या वाळवंटात उतरले, तेव्हा नागरिकांनी तीव्र विरोध केला. पाठोपाठ १९८० मध्ये जयपूरला या पक्षिकुळावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला आणि पुढच्याच वर्षी गोडावण, म्हणजे आपला माळढोक, त्या राज्याचा राज्यपक्षी ठरला. शिकार आटोक्यात आली, पण पुढे दुसरे संकट उभे राहिले. पवन आणि सौर प्रकल्पांच्या उच्चदाब वाहिन्यांचे जाळे थेट अधिवासातून गेले. माळढोक वजनदार असतो, त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि उडताना तो ऐनवेळी वळू शकत नाही, त्यामुळे तारांवर आदळून तो मरतो. मादी बहुधा एकच अंडे घालत असल्याने असा प्रत्येक मृत्यू भरून निघायला फार काळ लागतो.

सरकारचे आंतरराष्ट्रीय शब्दही याच काळातले आहेत. २०१९ मध्ये भारताने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर अवनत, म्हणजे कस गेलेली, जमीन पूर्ववत करण्याचे लक्ष्य जाहीर केले. २०२० मध्ये गांधीनगरला झालेल्या स्थलांतरित प्रजातींच्या परिषदेचा शुभंकरच (मॅस्कॉट) माळढोक होता आणि तिथेच तो आंतरराष्ट्रीय संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात गेला. २०२२ च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल या जागतिक जैवविविधता आराखड्यानुसार तर अवनत परिसंस्थांपैकी किमान ३० टक्के क्षेत्रात २०३० पर्यंत पुनरुज्जीवनाचे काम व्हायचे आहे.

तरीही वाहिन्यांचा प्रश्न न्यायालयात न्यावा लागला. वन्यजीव संरक्षक एम. के. रणजितसिंह आणि अन्य याचिकाकर्त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अधिवासातील वाहिन्या शक्य तिथे भूमिगत करण्याचा आदेश दिला. सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरवरील हे सरसकट निर्बंध अव्यवहार्य आहेत असे केंद्राने मांडल्यावर मार्च २०२४ मध्ये ते शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमण्यात आली. ही प्रक्रिया प्रामुख्याने राजस्थान आणि गुजरातभोवती फिरली. महाराष्ट्राचे माळ तिच्या कडेलाच राहिले. जैसलमेर जिल्ह्यातील प्रजनन केंद्रांत २०१९ पासून पिल्ले वाढवली जात आहेत, ही या साऱ्या इतिहासातील खरी दिलासादायक गोष्ट. मात्र त्या पिल्लांना सोडायचे कुठे, हा प्रश्न पुन्हा माळरानापाशीच येतो.

महसुली दप्तरात माळरानाची नोंद आजही बहुधा ‘पडीक’ अशीच असते, आणि पडीक जमीन म्हटली की तिच्यावर एक तर प्रकल्प येतो किंवा वृक्षलागवड. झाडे लावलेला माळ आकडेवारीत पुनरुज्जीवित ठरतो, पण माळढोकाच्या दृष्टीने तो गेलेलाच असतो. त्यामुळे सरकारकडे आता मागायचे ते नेमके असायला हवे: गवताळ प्रदेशाला परिसंस्था म्हणून स्वतंत्र नोंद द्यावी, आणि पूर्ववत केलेल्या माळांचा जिल्हावार हिशेब वृक्षलागवडीत न मिसळता दरवर्षी वेगळा जाहीर करावा.