टाकीतून काढलेलं गंधक द्राक्षवेलीवर

जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागांत भुरी या बुरशीच्या रोगाची चाहूल लागली की गंधकाची फवारणी सुरू होते. हा पिवळा पदार्थ खाणीतून येतो असा आपला समज असतो. पूर्वी ते बऱ्याच अंशी खरंही होतं. आज मात्र जगातलं बहुतेक गंधक तेलशुद्धीकरण कारखान्यांतून आणि नैसर्गिक वायूच्या प्रकल्पांतून मिळतं, तेही नको म्हणून काढून टाकलेलं.

कच्च्या तेलात गंधकाची संयुगं असतात. ती इंधनात राहिली तर धुरातून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, शिवाय गाडीच्या एक्झॉस्टमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निकामी होत जातो. पुण्यात २०१० मध्ये आलेल्या बीएस-४ (भारत स्टेज ४ या प्रदूषण-मानकाच्या) डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५० भाग गंधक चालायचं. १ एप्रिल २०२० पासून देशभर ही मर्यादा १० वर आली. म्हणजे सिंहगड रोडच्या कोंडीत आपण जो धूर गिळतो, त्यात निदान गंधकाचा वाटा तरी घटला आहे. बाकीच्यांचं काय, हा वेगळा विषय!

शुद्धीकरणात कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन सोडतात. गंधक हायड्रोजनशी जोडलं जाऊन हायड्रोजन सल्फाइड बनतो. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू अतिशय विषारी आहे. त्यातला एक तृतीयांश जाळून सल्फर डायऑक्साइड करतात आणि तो उरलेल्याशी भिडवतात. दोन्ही वायू संपतात, हाती येतं पाणी आणि वितळलेलं गंधक. क्लॉस प्रक्रिया ती हीच.

या द्रवाची चाल मोठी उलटी आहे. गंधकाचे आठ-आठ अणू कड्यासारखे जोडलेले असतात. सुमारे ११५ अंश सेल्सिअसला ते वितळून पिवळं, पातळ होतं. आणखी तापवलं तर अधिक पातळ व्हायला हवं. पण १६० अंशांच्या आसपास कडी तुटतात, त्यांच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रव लालसर, घट्ट होतो.

यातलं बहुतांश गंधक सल्फ्युरिक आम्लासाठी जातं. त्या आम्लाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक खतकारखाना, कारण खडकातलं फॉस्फेट पिकाला घेता येईल असं करायला आम्ल लागतं. टायरच्या रबरालाही गंधकच ताठपणा देतं. बागेत येतो तो जेमतेम उरलेला हिस्सा. तिथे ते बुरशीला पानावरच मारतं, वेलीच्या आत शिरत नाही. म्हणूनच ते पानांवर सगळीकडे नीट बसावं लागतं. मात्र पारा पस्तिशीपुढे गेल्यावर फवारलं तर पानंच करपतात, म्हणून जाणते बागायतदार तेव्हा पंप बाजूला ठेवतात.