येशूच्या ‘तलवारी’मागचा इतिहास

‘मी शांतता नव्हे, तर तलवार घेऊन आलो आहे.’ बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातल्या येशूच्या या वचनापाशी भाविक वाचकही अडखळतो. पुढे लगेच मुलगा बापाविरुद्ध, सून सासूविरुद्ध उभी राहते. हे शब्द मूळचे जुन्या करारातल्या मीखा संदेष्ट्याचे, इ.स.पूर्व आठव्या शतकातले. समाज किती नासला आहे हे सांगताना त्याने केलेला तो विलाप आहे. येशूने तो उचलला, पण घरं फोडण्याची आज्ञा म्हणून नव्हे; पुढे काय वाढून ठेवलं आहे ते शिष्यांपासून लपवायचं नाही म्हणून. येशूचा प्रेषित पौल याने तर करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं की, विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहायला तयार असेल तर त्याला सोडू नका.

येशूने स्वतः हे आधी सोसलं होतं. त्याला वेड लागलंय असं समजून घरचेच त्याला धरून न्यायला निघाले होते, असं दुसरा शुभवर्तमानकार मार्क सांगतो.

ही किंमत एका घरात कशी चुकवली गेली, ते पर्पेतुआच्या तुरुंगातल्या टिपणांत आजही वाचता येतं. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरातली, ख्रिस्ती म्हणून रोमनांनी तुरुंगात टाकलेली ही तरुणी बावीसेक वर्षांची, कडेवर तान्हं मूल. श्रद्धा सोड म्हणून म्हातारा बाप पुन्हा पुन्हा येऊन विनवतो, तिचे हात चुंबतो, पायांवर लोळण घेतो. ती जवळच्या भांड्याकडे बोट दाखवून विचारते, ‘याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारता येईल का? तसंच मलाही ख्रिस्ती सोडून दुसरं काही म्हणवत नाही.’ इ.स. २०३ मध्ये तिला आखाड्यात मारलं गेलं. बापाचं दुःख तिने जराही हलकं करून लिहिलेलं नाही, आणि मला तिचं मोठेपण तिथेच दिसतं.

पुढे फूट ख्रिस्ती मंडळीतच शिरली. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने सर्वांना देवतांना बळी अर्पून तसा दाखला घ्यायला लावलं. अनेक ख्रिस्ती लोकांनी तसं करून जीव वाचवला. मग त्यांना परत घ्यायचं की नाही, यावरून भांडण पेटलं. ३०३ नंतरच्या छळात धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली करणाऱ्यांवरून उत्तर आफ्रिकेत, अशा धर्मगुरूंना न मानणारे डोनाटिस्ट वेगळे झाले. ४११ मध्ये पर्पेतुआच्याच कार्थेजात डोनाटिस्ट आणि मूळ मंडळी अशा दोन्ही पक्षांचे बिशप समोरासमोर आले, तेव्हा एकाच गावाला दोन-दोन बिशप अशी कितीतरी गावं होती.