गोइंग स्टेडी

एक मुलगा आणि एक मुलगी यांनी फक्त एकमेकांबरोबरच फिरायचे, तिसऱ्या कुणाबरोबर नाही, असे ठरवले की अमेरिकन इंग्रजीत त्याला 'गोइंग स्टेडी' म्हणत. ती व्यक्ती म्हणजे 'माय स्टेडी'. वाक्प्रचार जुना असला तरी त्याचा खरा बहर दुसऱ्या महायुद्धानंतरचा, विशेषतः १९५०च्या दशकातल्या हायस्कुलांमधला.

नाते ठरले की ते दिसलेही पाहिजे, असा दंडक होता. मुलगा आपली शाळेची अंगठी मुलीला देई. जाडजूड, खड्याची आणि शाळा सोडण्याचे वर्ष कोरलेली ही अंगठी तिच्या बोटात सैल होई. मग ती साखळीत ओवून गळ्यात घालायची, नाहीतर आतल्या बाजूने लोकर गुंडाळून बोटात घट्ट बसवायची. नाते तुटले की अंगठी परत. कॉलेजात हेच काम फ्रॅटर्निटीची, म्हणजे तिथल्या मुलांच्या संघटनेची, पिन करी. मुलीने ती लावली की ती 'पिन्ड' झाली, म्हणजे साखरपुड्याच्या एक पायरी अलीकडे आली, असे समजत.

आईवडिलांना मात्र याची धास्ती वाटे, आणि ती समजण्यासारखी आहे. त्यांच्या तरुणपणी जितक्या जास्त जणांबरोबर डेटवर जाल तितका भाव जास्त, अशी रीत होती. समाजशास्त्रज्ञ विलर्ड वॉलर यांनी १९३७ मध्ये कॉलेजविश्वातल्या या चढाओढीचे वर्णन केले आहे. त्यापुढे सोळाव्या वर्षी एकालाच धरून बसणे म्हणजे घाईच्या लग्नाची तयारी वाटे. अमेरिकन मुलींची लग्ने तेव्हा खरोखरच विशीच्या आसपास होत होती. कॅथलिक धर्मगुरूंनीही या प्रथेला विरोध केला.

ब्रिटनमधला 'वॉकिंग आउट' हा शब्द मला याहून बोलका वाटतो. मोठ्या घरांत राबणाऱ्या मोलकरणींना भेटायला येणाऱ्या तरुणांना 'फॉलोअर्स' म्हणत, आणि नोकरीच्या जाहिरातींतच 'नो फॉलोअर्स' अशी अट असे. मालकाच्या घरात बसायची सोय नाही, स्वतःचा दिवाणखाना नाही. मग सुटीच्या दुपारी बागेत किंवा रस्त्याने बरोबर चालत राहायचे, एवढेच हातात उरे. ती अमक्याबरोबर 'वॉकिंग आउट' आहे, असे शेजारीपाजारी म्हणत. आपणही 'ते दोघं फिरतात' असेच म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नाही.