व्हरमाँटमधील क्रीडासंस्कृती

व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशातले डोंगराळ राज्य. लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख. याहून कमी लोक फक्त वायोमिंगमध्ये राहतात. बेसबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी किंवा अमेरिकन फुटबॉल, कोणत्याही मोठ्या व्यावसायिक लीगचा संघ इथे नाही. ज्या राज्यांत असे संघ नसतात तिथे बहुधा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ ती जागा घेतो. व्हरमाँट विद्यापीठाने तोही १९७४मध्ये बंद केला. त्यामुळे इथला खेळ गावची टेकडी, शाळेचे सभागृह आणि छोटा शर्यतमार्ग यांवर उभा आहे.

स्कीइंग हा या संस्कृतीचा कणा आहे. अमेरिकेतील पहिला रोप टो १९३४मध्ये वुडस्टॉक गावाजवळच्या एका शेतातील उतारावर सुरू झाला. फोर्ड मॉडेल टी मोटारीच्या इंजिनावर फिरणारा अखंड दोर स्कीपटूंना वर ओढून नेई. असे दोर काही टेकड्यांवर आजही चालतात. नवशिक्याची चूक ठरलेली असते. तो दोर एकदम घट्ट पकडतो आणि हिसका बसून तोंडावर पडतो. दोर आधी हातमोज्यांतून सरकू द्यायचा, मग मूठ हळूहळू आवळायची. एक हात पुढे ठेवायचा आणि दुसरा पाठीमागे नेऊन त्यानेही दोर धरायचा, म्हणजे ओढ एकाच खांद्यावर येत नाही. दोर फिरता फिरता पीळ खातो, म्हणून सैल मफलर आणि मोकळे केस आत खोचावे लागतात. ओला दोर जड होतो आणि लोकरी हातमोजे काही फेऱ्यांतच फाडतो. त्यासाठी जाड चामड्याचे हातमोजे लागतात.

रिचमंड गावची कॉक्रन टेकडी या परंपरेचे सर्वोत्तम उदाहरण मानावे लागेल. मिकी आणि जिनी कॉक्रन या दांपत्याने १९६१मध्ये घरामागच्या उतारावर ती सुरू केली. १९९८पासून ती ना-नफा संस्था म्हणून चालते. उतार जेमतेम साडेतीनशे फुटांचा. पण उतार छोटा असला की फेरी लवकर संपते, आणि शाळा सुटल्यावरच्या दोन तासांत मूल शर्यतीसाठी रोवलेल्या खांबांच्या दारांमधून कितीतरी वेळा वळते. त्यांची मुलगी बार्बरा अॅन हिने १९७२च्या सापोरो ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचे (अशा दारांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीचे) सुवर्णपदक ०.०२ सेकंदाच्या फरकाने जिंकले. तिचा मुलगा रायन कॉक्रन-सीगल याचे २०२२मध्ये बीजिंगला सुपर-जी या अधिक वेगाच्या स्की शर्यतीचे सुवर्ण ०.०४ सेकंदाने हुकले आणि त्याला रौप्य मिळाले.

इथला बर्फ मऊ नसतो. मधूनच पाऊस पडतो, रात्री गोठतो आणि उतार काचेसारखा होतो. त्यामुळे स्कीची कड बर्फात रोवून वळणे मुलांना लवकर शिकावे लागते. शर्यतीच्या स्कीची पोलादी कड बाजूने साधारण ३ अंश आत घासतात, म्हणजे ८७ अंशांची धार मिळते. कानशीनंतर हिऱ्याच्या पट्टीने बूर, म्हणजे कडेवर उरलेला धातूचा खरबरीत कंगोरा, काढला नाही तर स्की वळणात अडकते. ओली स्की न पुसता ठेवली तर कड गंजते.

नैसर्गिक बर्फावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून कृत्रिम बर्फ फवारतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा उणे २ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरावा लागतो. कोरड्या हवेत थेंबाचे थोडे बाष्पीभवन होऊन तो गारठतो. हवा दमट असेल तर शून्याखालीही पाणी नीट गोठत नाही आणि उतारावर चिखलबर्फ साचतो. क्राफ्ट्सबरीच्या क्रॉस-कंट्री केंद्राने २०१८मध्ये सुमारे ९,००० घनमीटर बर्फाचा ढीग लाकडाच्या ढलप्यांखाली झाकून उन्हाळाभर राखला. शरद ऋतूत निम्म्याहून अधिक बर्फ शिल्लक होता.

उन्हाळ्यात बॅरे गाव मोटारशर्यतींचे होते. केन स्क्वायर यांनी १९६०मध्ये उघडलेला थंडर रोड हा पाव मैलाचा डांबरी मार्ग आहे. शर्यती गुरुवारी रात्री होतात, कारण ग्रॅनाइट कामगारांचा पगार त्या दिवशी होई. मिल्क बाउल ही तिथली मानाची शर्यत प्रत्येकी ५० फेऱ्यांच्या तीन टप्प्यांत होते. एका टप्प्यात पुढे आलेला पुढच्या टप्प्यात मागून निघतो. तिन्हींतील क्रमांकांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. त्याने गाईचा मुका घ्यायचा, ही रीत दुग्धव्यवसायाच्या राज्याला शोभणारीच आहे.

शालेय खेळांत पटसंख्येनुसार विभाग पाडतात. खेळाडू अपुरे पडले की शेजारच्या शाळा मिळून संघ उतरवतात. बास्केटबॉलच्या राज्यस्तरीय सामन्यांना बॅरेच्या सभागृहात अख्खी गावे येतात.

बर्लिंग्टनमध्ये विद्यापीठाची आइस हॉकी गटरसन सभागृहात सुमारे चार हजार प्रेक्षकांसमोर चालते. व्यावसायिक हॉकीत नाव कमावलेले मार्टिन सेंट लुई आणि टिम थॉमस तिथूनच पुढे गेले. डिसेंबर २०२४मध्ये विद्यापीठाच्या पुरुष फुटबॉल (सॉकर) संघाने मार्शलला जादा वेळेत २–१ हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. लेक मॉन्स्टर्स या बेसबॉल संघाचे मोठ्या लीगशी असलेले नाते २०२०च्या फेररचनेत तुटले. २०२१पासून तो महाविद्यालयीन खेळाडूंच्या उन्हाळी लीगमध्ये खेळतो, आणि पहिल्याच वर्षी त्याने ती जिंकली.

व्यावसायिक संघांवरची निष्ठा भूगोलाने वाटली आहे. बेसबॉलमध्ये बहुतेक राज्य बॉस्टन रेड सॉक्सचे, तर न्यूयॉर्कच्या सीमेलगत यँकीजचेही चाहते भेटतात. हॉकीत उत्तरेकडे माँत्रियालचा संघ जवळचा: बर्लिंग्टनहून माँत्रियाल सुमारे दीडशे किलोमीटर, बॉस्टन साडेतीनशे.