डोक्याचा मुका मार आणि रक्ताची तपासणी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : रक्त-लघवी तपासणी केंद्र, खानापूर

पावसाळ्यात रस्ते निसरडे झाले किंवा उसाच्या ट्रॉल्या धावू लागल्या की आमच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो : "डोक्याला मार बसलाय, जखम काही नाही, रक्त तपासून आतलं कळेल का?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

मेंदूला इजा झाली की एरवी त्याच्या पेशींच्या आतच राहणारी काही प्रथिने बाहेर पडतात आणि अत्यल्प प्रमाणात रक्तात उतरतात. पाठीतले पाणी काढून ती शोधता येतात, परंतु दुचाकीवरून पडलेल्या प्रत्येकाच्या पाठीत सुई घालणे शहाणपणाचे नाही. म्हणून संशोधकांचा रोख हाताच्या शिरेतून सहज मिळणाऱ्या रक्ताकडे वळला. यांतील एस१००बी हे प्रथिन स्कँडिनेव्हियन देशांतील डॉक्टर २०१३ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मार लागल्यापासून सहा तासांच्या आत तपासतात. त्याची अडचण अशी की ते चरबीत आणि त्वचेतही असते, त्यामुळे नुसता हात मोडला तरी वाढू शकते.

पुढे दोन प्रथिनांच्या जोडीवर भर आला : मेंदूतील आधारपेशींचे जीएफएपी आणि चेतापेशींचे यूसीएच-एल१. या जोडीच्या तपासणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये परवानगी दिली, ती फक्त प्रौढांसाठी आणि मार लागल्यापासून बारा तासांच्या आत. त्यामागच्या १,९५९ रुग्णांच्या अभ्यासात, तपासणी निगेटिव्ह आलेल्यांपैकी हजारात सुमारे ९९६ जणांच्या सिटी स्कॅनमध्येही काही आढळले नाही. मात्र ज्यांचा स्कॅन स्वच्छ होता, त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांची तपासणी पॉझिटिव्ह आली होती. म्हणजे ही तपासणी रक्तस्राव दाखवत नाही. सिटी स्कॅन टाळता येईल का, एवढ्याच प्रश्नाला ती उपयोगी पडते, आणि आमच्या मते तिच्याबद्दलचे बहुतेक गैरसमज इथेच होतात.

वेळेचे महत्त्व यात फार आहे. यूसीएच-एल१ साधारण आठ तासांत कळस गाठून उतरू लागते, तर जीएफएपी वीस तासांपर्यंत चढत राहते. त्यामुळे वेळ ठाऊक नसेल तर आकड्याचा अर्थ लावणे अवघड होते. गोठ्यात पाय घसरून पडलेल्या एका आजोबांच्या घरच्यांना आम्ही वेळ विचारली, तेव्हा "धार काढायच्या आधी" असे उत्तर आले. सकाळची धार की संध्याकाळची, यावर त्यांच्यातच दोन मते निघाली. कृपया पडल्याची वेळ लगेच एखाद्या चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि ती चिठ्ठी रुग्णासोबत डॉक्टरांकडे जाऊ द्या.

ही तपासणी आमच्या केंद्रात होत नाही, हे स्पष्ट सांगणे आमचे काम आहे. साखर आणि हिमोग्लोबिन आम्ही तपासू, पण त्यांतून मेंदूचे काही समजणार नाही. वारंवार उलटी होणे, गुंगी येणे, फिट येणे, बोलण्यात अडखळणे, डोकेदुखी वाढत जाणे किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास आमच्याकडे न थांबता १०८ ला फोन करावा किंवा सिटी स्कॅनची सोय असलेले बेळगावचे रुग्णालय गाठावे. शुद्धीवर असलेला आणि नीट बोलणारा रुग्णही आतून सुरक्षित असेलच असे नाही.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांबाबत विशेष सांगावेसे वाटते : त्यांच्यात रक्त हळूहळू साठून लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात, तेव्हा किरकोळ पडल्यावरही डॉक्टरांना दाखवावे आणि जाताना गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.