मखरातून गेलेली ज्योत परत कशी आली

सायकलची जुनी रिम, जॅमच्या बरण्या आणि जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) तार एवढ्यावर घरी बनवलेलं मेणबत्त्यांचं झुंबर आज कोकणात हौसेची वस्तू मानलं जातं. पण त्यामागे हौसेपेक्षा दोन घटनांचा हात मोठा आहे: राज्य सरकारची २०१८ची थर्माकोलबंदी आणि २०२०चं निसर्ग चक्रीवादळ.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. कोकणातला दिवा तेलावरचा: खोबरेल, करंज, उंडी. मेणबत्ती इथे रुळली ती मुख्यतः चर्चच्या वाटेने, वसई, रेवदंडा, कोर्लई या पट्ट्यात. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. पुढे युरोपात १८२५च्या सुमारास विणलेली वात आली. ती जळताना वाकते आणि टोक स्वतःच जाळून टाकते, त्यामुळे काजळी कातरायची गरज उरली नाही. १८३०मध्ये पॅराफिन सापडलं, मग मेणबत्ती स्वस्त झाली. देवळांच्या सभामंडपांत काचेच्या हंड्या-झुंबरं लागली. मंगेशीची अनेकांनी पाहिली असतील. खाऱ्या वाऱ्याच्या मुलखात ज्योतीभोवती काच हवीच. टांगण्याची कलाही इथे परकी नव्हती. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर लाकडी माटवी टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं (रानफळं), आंब्याचे टाळ (पानांच्या डहाळ्या) बांधतात, ही रीत फार जुनी.

मग थर्माकोल आला आणि घराघरातल्या मखरातून ज्योत बाहेर गेली. हा पदार्थ शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतो आणि पेटला की काळा धूर ओकतो. त्याच्याजवळ निरांजनही जपून फिरवावं लागे. विजेच्या माळा आल्या, कारण थर्माकोलच्या महालात दुसरं काही चालणारच नव्हतं.

२०१८चा निर्णय इथे महत्त्वाचा ठरतो, आणि वादही त्यावरच झाला. अधिसूचना २३ मार्चला निघाली, तीन महिन्यांची मुदत २३ जूनला संपली, आणि गणेश चतुर्थी होती १३ सप्टेंबरला. मखरांचे कारागीर वर्षभर आधी माल करून ठेवतात. त्यांनी निदान त्या हंगामापुरती सवलत मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत ती नाकारली. कारागिरांचं नुकसान खरं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण घरगुती पातळीवर वाद वेगळाच पेटला. बंदी केवळ विक्रीवर नव्हती. वापर आणि साठवणही तिच्यात होती. मग माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलेलं, दरवर्षी जोडलं जाणारं मखर टाकायचं का? पुन्हापुन्हा वापरणं हेच तर कचरा कमी करणं, असं एक बाजू म्हणत होती. युक्तिवाद वरवर पटतो. पण कोपरे झिजलेलं मखर दरवर्षी थोडं थोडं झडतं, आणि ते पांढरे मणी पावसाच्या पाण्याबरोबर व्हाळातून (ओढ्यातून) खाडीत जातात. किनाऱ्यावर भरतीची रेषा पाहिली की ते दिसतात, शेवाळात आणि जाळ्यांच्या तुकड्यांत अडकलेले. जुनी वस्तू वापरावी, पण झडणारी नव्हे. हा फरक त्या वादात नीट मांडला गेला नाही, म्हणूनच तो इतका लांबला. पुढे १ जुलै २०२२पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंद झाला.

मखर गेल्यावर हाताशी उरलं काय? काच, पत्रा, तार, लाकूड. यातली पहिली तीन न जळणारी. ज्योतीला परत यायला जागा झाली.

प्रत्यक्ष गरज मात्र ३ जून २०२०ला उभी राहिली. निसर्गचा तडाखा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली, मंडणगड या भागाला बसला, खांब आडवे झाले, कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. गॅसजोडण्या वाढल्या तसं रेशनचं रॉकेल आटत गेलं होतं. कंदील होते, तेल नव्हतं. मेणबत्तीवर भिस्त आली. जमिनीवर ठेवली तर मुलं, मांजर, वारा. उंचावर टांगली आणि बरणीत ठेवली तर उजेडही जास्त पसरतो.

आज जी रीत रुळली आहे तिच्यात हे सगळं दिसतं. रिमला आऱ्यांची भोकं आयती मिळतात. तीन ठिकाणी तार, वर एका कडीत. चौथी तार दिली तर एक सैल पडतेच. बरणी रुंद तोंडाची हवी, अरुंद तोंडात ज्योत गुदमरते. तळाशी बोटभर वाळू, मेणबत्ती मधोमध. ज्योत काचेला टेकली की साधी काच तडकते. लोखंडी बांधणीची तार खाऱ्या हवेत गंजते, म्हणून जीआय. माटवीच्या सुकल्या टाळांपासून झुंबर दूरच टांगावं.

करवंटीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. करवंटीची झुंबरं दिसतात सुरेख, खपतातही, आणि ‘अस्सल कोकणी’ म्हणून त्यांचा आग्रह धरला जातो. पण सांडलेलं मेण प्यायलेली करवंटी स्वतःच वातीसारखी पेटते. चुलीत करवंट्या घालणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. आत धातूची वाटी बसवावी, नाहीतर तिथे विजेचाच दिवा लावावा. आणि विकणाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावं.